वाचक विचारतात : तटस्थ मत, उडीद आणि तुरुंगातली माणसं

प्रश्न : म्यानमारच्या लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं, हजारोंना डांबलं. तरी संयुक्त राष्ट्रांत आपण तटस्थ, आणि खरेदी मात्र चालू. ही मुत्सद्देगिरी की ‘हाताची घडी, तोंडावर बोट’? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : सत्तापालट झाला 1 फेब्रुवारी 2021 ला. 18 जूनला आमसभेत त्याविरुद्धचा ठराव 119 विरुद्ध 1 असा मंजूर झाला. तटस्थ 36 देशांत भारत होता. त्याच जूनमध्ये म्यानमारकडून पाच वर्षं, दरवर्षी 2.5 लाख टन उडीद आणि 1 लाख टन तूर आणायचं ठरलं. रविवार कारंज्यावरून आणलेल्या पापडाच्या पिठातही त्यातला थोडा उडीद असू शकतो.

दिल्लीची अडचण खोटी नाही. सीमा 1,643 किलोमीटरची, ईशान्येतल्या सशस्त्र गटांचे तळ पलीकडे, आणि सितवे बंदरातून मिझोरामकडे जाणारा कलादान मार्गही त्याच देशातून. आपण हात काढला की चीन आहेच.

पण तटस्थ मताबरोबर स्पष्टीकरण दिलेलं असतं, ते वाचावं. डिसेंबर 2022 मध्ये सुरक्षा परिषदेचा ठराव 2669 बारा मतांनी मंजूर झाला. भारत, चीन, रशिया तटस्थ. भारताचं म्हणणं होतं की इथे शांत, धीराची मुत्सद्देगिरी हवी. आम्हाला ते अर्धंच पटतं. बंद दाराआड मिळतं ते मोजता येईल असं काही मागितलं तरच.

डिसेंबर 2021 मध्ये परराष्ट्र सचिव हर्षवर्धन श्रृंगला म्यानमारला गेले. नंतरच्या निवेदनात लोकशाही लवकर परतावी, कैद्यांची सुटका व्हावी, हिंसा थांबावी, हे सगळं आहे. नाव, आकडा, तारीख मात्र एकही नाही. लशीचे 10 लाख डोस आणि 10,000 टन तांदूळ-गहू यांचे आकडे तेवढे चोख! धान्य अडवावं असं आम्ही म्हणत नाही, भुकेला माणूस म्हणजे जुंटा (लष्करी राजवट) नव्हे. पण ‘लोकशाही आणा’ म्हटलं की ‘निवडणूक घेणारच आहोत’ एवढ्यावर भागतं. अमुक तुरुंगातल्या अमुक कैद्याला महिन्याभरात डॉक्टर आणि वकील भेटू द्या म्हटलं, तर हो किंवा नाही म्हणावंच लागतं. आधी अशा कैद्यांची यादी गुपचूप द्यायची, मुदत टळली की जाहीर बोलायचं. क्रम उलटा झाला तर समोरचा हट्टाला पेटतो आणि भोगतो कैदी.

उडीद बंद केला तर पहिला फटका तिथल्या शेतकऱ्याला. लष्कराचा परकीय चलनाचा मोठा झरा नैसर्गिक वायू. म्हणूनच युरोपीय संघाने 2022 मध्ये तिथल्या सरकारी तेल-वायू कंपनीवर निर्बंध घातले.

प्रश्न : आम्ही सहा-सात जण वाचनगट चालवतो. म्यानमारच्या कैद्यांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा की थेट संयुक्त राष्ट्रांना लिहावं? – वाचक, नाशिकरोड

उत्तर : ‘म्यानमारशी काय बोलणी झाली’ असा अर्ज केलात तर 10 रुपये वाया. परराष्ट्र संबंधांना बाधा आणणारी माहिती माहिती अधिकार कायद्यातल्या कलम 8(1) च्या पहिल्याच पोटकलमात वगळली आहे. त्याऐवजी कोणत्या वर्षी किती मदत मंजूर झाली, किती पोचली, हे विचारा.

त्याहून बरं म्हणजे खासदारांमार्फत लोकसभेत अतारांकित प्रश्न, त्याला लेखी उत्तर मिळतं. किमान 15 दिवस आधी नोटीस, 150 शब्दांच्या आत, एकच विषय. ‘सरकारला चिंता आहे का?’ असं विचारलंत तर ‘सरकार परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे’ एवढंच हाती येईल. ‘सुटकेचा मुद्दा कोणकोणत्या तारखांच्या बैठकांत मांडला?’ असं विचारा.

संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांना, म्हणजे मानवी हक्कांवर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञांना, कोणीही लिहू शकतं, आधी तिथल्या कोर्टाची पायरी चढलेली असावी लागत नाही. कोणाला, कधी, कुठून, कोणी नेलं एवढं नेमकं हवं. नुसत्या वर्तमानपत्री कात्रणांवरची तक्रार घेत नाहीत. कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं, पण पीडिताचं नाव सहसा त्याच सरकारकडे जातं. म्हणून कैद्याची किंवा घरच्यांची संमती हातात आल्याशिवाय पाकीट पाठवू नका.