लाकडी ओटा आणि सिंकजवळचे काळे डाग

प्रश्न: ओट्याला लाकडी टॉप बसवायचाय, पण सिंकजवळ लाकूड काळं पडतं म्हणतात. कुठलं लाकूड घ्यावं, तेल कुठलं लावावं?

उत्तर: अगदी बिनधास्त बसवा, फक्त लाकूड कठीण आणि नीट सुकलेलं घ्या. ओक, मेपल चालतं, पण सिंकजवळ माझं मत सागालाच, पाण्याला तोच जास्त टिकतो. काळे डाग बऱ्याचदा ओल्या लाकडावर लोखंडी भांडं राहिलं की पडतात, लाकडातलं टॅनिन (लाकडात मुळातच असणारं तुरट द्रव्य) आणि लोखंड यांची रिअ‍ॅक्शन होते, ओकवर तर फारच. तेल म्हणाल तर फूड ग्रेड मिनरल ऑइल (खाण्याच्या वस्तूंना लागलं तरी चालणारं खनिज तेल), स्वयंपाकाचं तेल अजिबात नको हं, ते खवट होऊन चिकट बसतं. पातळ हात मारायचा, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी उरलेलं पुसून टाकायचं, आणि हे सगळं टॉप बसवायच्या आधी खालच्या बाजूला आणि सिंकसाठी कापलेल्या कडेलाही करायचं कारण पाणी सगळ्यात जास्त त्या कडेतूनच आत शिरतं. पुढे अधूनमधून पाण्याचा थेंब टाकून बघा, गोल राहिला तर ठीक, पसरून मुरला की पुन्हा तेल लावा. चरा पडला तर 180 नंबरच्या पॉलिशपेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासा, आडवं घासलं की ओरखडे दिसतात.