इंजिनाचे आयुष्य पाच लाखांवर संपते का?

प्रश्न : आमचा दहा चाकी ट्रक २०१६ सालचा आहे. वणी भागातून तो कोळसा वाहतो आणि हंगामात कापसाच्या गाठी. आजवर ४ लाख ६० हजार किलोमीटर झाले आहेत. पाच लाखांनंतर इंजिनात दम उरत नाही, त्याआधीच गाडी विकून टाका, असे काका म्हणतात. नीट निगा राखली तर इंजिन किती चालते? — एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : केवळ आकडा पाहून गाडी विकू नका. अवजड ट्रकचे डिझेल इंजिन निगा राखल्यास साधारणपणे ५ ते ८ लाख किलोमीटर न उघडता चालते, आणि महामार्गावर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या गाड्या त्याहीपुढे जातात. मात्र कोळशाची गाडी खाणीत आणि वजनकाट्यावर तासन्‌तास चालू स्थितीत उभी असते. मीटर थांबला तरी इंजिन झिजतच असते, म्हणून ऑइल बदलताना किलोमीटरबरोबर तासही धरावेत.

आपल्या भागात इंजिन खाते ती धूळ. एअर फिल्टरमधून सुटलेली बारीक धूळ लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) आणि पिस्टनवरच्या रिंगा घासून काढते. टायरच्या दुकानात हवेच्या जोरदार झोताने फिल्टर फुंकून तोच पुन्हा बसवण्याची सवय मला फार घातक वाटते, कारण त्याने आतला कागद फाटतो आणि ते वरून दिसतही नाही. इंजिन बंद असताना फिल्टरकडून टर्बोकडे (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याकडे) जाणारा पाइप सोडवून आत पांढरे फडके फिरवून पाहा. फडक्यावर पूड आली, तर फिल्टर किंवा पाइपचा जोड धूळ आत सोडतो आहे, असे समजावे.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतू नये. त्यातील क्षारांचा थर आत बसतो आणि घाटात भरलेली गाडी तापते. कंपनीने सांगितलेले कूलंटच वापरावे.

आता तुमच्या गाडीविषयी. गरम इंजिन चालू ठेवून ब्रिदरच्या, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीकडे पाहा. तेथून धुराचे लोट येत नसतील, दोन ऑइल बदलांच्या मध्ये ऑइल फारसे घटत नसेल आणि चढावर ओढ पूर्वीसारखीच असेल, तर इंजिन उघडण्याचे कारण नाही. पुढे काम निघालेच, तरी बहुतेक अवजड इंजिनांत लायनर बदलता येतात, त्यामुळे लायनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग नवे घालून तेच इंजिन पुन्हा बांधता येते. त्या वेळी मिस्त्रींकडून क्रँकचे (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) माप समोर उभे राहून घ्या. माप न घेता नवे बेअरिंग बसवू देऊ नका.