गुत्तेदारांनी घेतलेली चित्रे

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार. परभणी जिल्ह्यातून आलेले आपले चार पानी पत्र मी दोनदा वाचले. आपली 39 वर्षांची लेक, जिल्हा परिषदेत बांधकाम सभापती राहिलेल्या पतीपासून दोन वर्षांपूर्वी रीतसर घटस्फोट घेऊन, बारावीत शिकणाऱ्या मुलीसह माहेरी राहते आहे. तिला आता चित्रकार व्हायचे आहे. आपले म्हणणे असे की तिने कला शिक्षक पदविका, म्हणजे एटीडी, करून ओळखीच्या संस्थेत चिकटावे. ते जमत नसेल तर त्याच संस्थाचालकांच्या पक्षाचे तिकीट घेऊन महिलांसाठी राखीव गटातून माजी जावयांच्या पक्षाविरुद्ध उभे राहावे. या दोहोंतले योग्य काय, असे आपण विचारता.

पत्रात माजी जावयांची सगळी पदे क्रमाने आली आहेत, त्यांनी कोणता पक्ष केव्हा सोडला तेही आले आहे; लेकीचे नाव मात्र चारही पानांत एकदाही आलेले नाही. मला तिच्या वयापेक्षा आणि गुणांपेक्षा याचीच अधिक काळजी वाटली. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना 50 टक्के आरक्षण 2011 पासून आहे आणि त्यातून स्वतःच्या हिमतीवर कारभार करणाऱ्या बायका मराठवाड्यातही उभ्या राहिल्या आहेत. परंतु ज्या उमेदवारीची चर्चा वडील, भाऊ आणि संस्थाचालक यांच्यात बैठकीत झाली आणि जिची खबर उमेदवाराला चहा आणताना लागली, ती उमेदवारी तिची कशी म्हणायची? सतरा वर्षे ती कोणाची तरी पत्नी म्हणून व्यासपीठावर बसली. आता तिला कोणाची तरी विरोधक म्हणून बसवण्याचा हा घाट आहे, आणि तो आपण घालू नये असे मी स्पष्ट सांगते.

अभ्यासक्रमांचे थोडक्यात: पदवीसाठी बारावीनंतर राज्य सीईटी कक्षाची कला शाखेची प्रवेश परीक्षा असते आणि शासकीय कला महाविद्यालय आपल्याला जवळचे म्हणजे छत्रपती संभाजीनगरला आहे, एटीडी ही शिक्षक होण्यासाठीची पदविका आहे, आणि ती झाली की कला शिक्षकाची जागा आपली वाट पाहत असते असे मुळीच नाही. खाजगी संस्थेत ‘ओळखीने’ लागण्याची किंमत काय असते, हे आयुष्यभर शाळेत काढलेल्या माणसाला मी सांगायला नको.

आता आपल्या पत्रातल्या एका समजुतीबद्दल मला सविस्तर लिहिले पाहिजे. आपण लिहिता की जावई सभापती असताना जिल्ह्याच्या गावी भरलेल्या तिच्या प्रदर्शनातील गणपतीची आणि फुलांची सगळी चित्रे दोन दिवसांत विकली गेली, आणि घटस्फोटानंतर वर्षभरात एकही गेले नाही. सबब तिच्यात कला नाही, होती ती जावयांची पुण्याई. गुरुजी, पहिले अर्धे बरोबर आहे आणि निष्कर्ष साफ चुकीचा आहे. ती चित्रे कोणी घेतली याची यादी आपणच दिली आहे: तीन गुत्तेदार म्हणजे कंत्राटदार, एक सिमेंटचे व्यापारी, दोन शाखा अभियंते. ज्यांची बिले सभापतींच्या दालनात अडकलेली असतात ते चित्र पाहून चित्र घेत नाहीत, आणि ज्या दिवशी पद गेले त्या दिवशी ते चित्र घेणे थांबवतात. म्हणजे तेव्हाची विक्री ही कौतुकाची पावती नव्हती आणि आताचा शुकशुकाट ही नापसंती नाही. तिच्या कामाचा निवाडा आजवर झालेलाच नाही. तो व्हायचा तर तिचे आडनाव ज्यांना ठाऊक नाही अशा परीक्षकांपुढे काम गेले पाहिजे. कला संचालनालयाच्या महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांखेरीज कलाकारांचा स्वतंत्र विभाग असतो, आणि 1888 साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचेही वार्षिक प्रदर्शन भरते. तिथे काम नाकारले गेले तरी ते काम म्हणून नाकारले जाईल. मंत्र्यांच्या हस्ते फीत कापून थेट जहांगीर कलादालनात प्रदर्शन भरवण्याचा धाकट्या चिरंजीवांचा बेत तूर्त बाजूला ठेवावा. तिथली प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षांची असते.

आपण ज्याला ‘नको ते उद्योग’ म्हटले आहे, तिथे मी थांबले. सतरा वर्षांत सत्कारात आलेल्या शालींची ट्रंक तिने उघडली, त्या शाली उसवून, आईच्या जुन्या लुगड्याचे अस्तर लावून त्यांची वाकळ शिवली, आणि त्या वाकळेवर सभा उठल्यानंतरच्या एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मांडवामागे पातेली घासणाऱ्या बायका रंगवल्या. अजिंठा जवळ असताना हे कशाला, असे आपण विचारता. अजिंठ्याच्या नकला करणारे हात पुष्कळ आहेत, आणि व्यासपीठाच्या मागची बाजू इतकी वर्षे पाहिलेली बाई चित्रकारांत क्वचित सापडते. बिहारमधील मिथिलेच्या चित्रकार गंगादेवींना नवऱ्याने दुसरे लग्न केल्यावर चित्रांनीच जगवले. परंपरेतले विषय त्यांना अवगत होतेच, 1984 साली त्यांना पद्मश्रीही मिळाली, तरी अमेरिकेला जाऊन आल्यावर त्यांनी तिथला रोलर कोस्टर मधुबनीच्या रेषेत उतरवला. वाकळेचे काम मात्र तंत्राने कच्चे आहे. सत्काराच्या शाली बहुधा कृत्रिम धाग्याच्या असतात, त्यांवर नुसता ॲक्रिलिक रंग जाड दिला की घडीवर तडकतो. कापड आधी धुऊन खळ काढावी आणि रंगात कापडासाठीचे माध्यम मिसळून पातळ थर द्यावेत.

आडनावाचेही ठरवावे लागेल. कॅनडाचे पंतप्रधान पिएर ट्रुडो यांच्याशी 1971 साली विवाह केलेल्या मार्गारेट ट्रुडो 1977 मध्ये विभक्त झाल्यावर छायाचित्रणाकडे वळल्या, पण वर्तमानपत्रांना त्यांच्या छायाचित्रांपेक्षा त्यांच्या आडनावातच अधिक रस होता. आपल्याकडेही ‘अमक्यांच्या घटस्फोटित पत्नीचे प्रदर्शन’ अशी बातमी छापायला लोक एका पायावर तयार असतील, आणि त्या बातमीने आलेली गर्दी खुर्च्यांच्या चित्रांत कोणाची सभा आहे एवढेच शोधील. चित्रावर केवळ स्वतःच्या नावाने सही करायला राजपत्र लागत नाही. कागदपत्रांवर नाव बदलायचे असेल तरच ती प्रक्रिया करावी.

पैशांबाबत आपली धास्ती रास्त आहे. पोटगीची एकरकमी मिळालेली रक्कम नातीच्या शिक्षणासाठी वेगळी ठेवावी, दालनाच्या भाड्यात एक रुपयाही घालू नये, आणि रोजच्या खर्चासाठी तिने घरी एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे वर्ग घ्यावेत. तिची स्वतःची इंटरमिजिएटची अ श्रेणी इथे उपयोगी पडेल. संस्थाचालकांना नकार कळवण्याचे काम मात्र आपण करावे, कारण शब्द आपण दिला होता.

यापुढचे पत्र ताईंनी स्वतः लिहावे. सोबत वाकळेची दिवसाच्या उजेडात काढलेली दोन छायाचित्रे, एक पुढून आणि एक मागून, अवश्य पाठवावीत. टाके मागच्या बाजूने कसे आहेत हे मला पाहायचे आहे.