आईच्या पाटल्या गहाण ठेवून कादंबरी छापावी का?

देवगड तालुक्यातून एका तेवीस वर्षांच्या वाचकाचं लांबलचक पत्र आलंय. थोडक्यात असं: वडील नाहीत. आई काजूच्या कारखान्यात जाते, महिन्याला साधारण ५,५०० रुपये मिळतात. तो स्वतः झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात ११,००० वर आहे. मार्च ते मे रात्री आंब्याच्या पेट्या भरायला जातो, त्याचे हंगामाला १५,००० सुटतात. बहीण बारावीला आहे, तिला फार्मसी करायची आहे. घरखर्च १३,०००, शिवाय महिन्याला १,२०० ची पुस्तकं. दोन वर्षं पतसंस्थेत पिग्मी भरून ४८,००० जमवलेत.

आणि एक कादंबरी लिहून झाली आहे. ती छापायला एका प्रकाशकाने ८५,००० मागितलेत, महिनाअखेरपर्यंतचा सवलतीचा दर म्हणून. ५०० प्रती, किंमत ३०० रुपये. ३०० प्रती लेखकाला, २०० प्रकाशक विकणार, त्यावर १० टक्के रॉयल्टी. कमी पडणाऱ्या पैशांसाठी आईने पाटल्या काढून समोर ठेवल्या, "पाटल्ये घालून मी खंय जातलंय?" म्हणाली. त्यांवर पतसंस्था १४ टक्क्यांनी ४०,००० द्यायला तयार आहे. दुसरा पर्याय म्हणजे गाव सोडून पुण्यात एका पुस्तकांच्या दुकानात १४,००० वर लागायचं. "दोन्हींपैकी काय करू, की दोन्ही सोडून देऊ?"

वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको.

छपाईला पैसे देऊ नको. पाटल्या आज संध्याकाळीच आईच्या हातात परत घाल. पुण्याचं मात्र मी साफ नाही म्हणत नाही, त्यावर पुढे बोलू.

प्रकाशकाच्या कागदावरचे आकडे तू नीट उतरवून पाठवलेस, पण शेवटपर्यंत मांडले नाहीस. समज, तुझ्या वाट्याच्या सगळ्या ३०० प्रती खपल्या. ओळखीचे लोक २० टक्के सवलत मागतातच, म्हणजे प्रतीला २४० रुपये, एकूण ७२,०००. प्रकाशकानेही त्याच्या २०० प्रती विकल्या आणि प्रामाणिकपणे रॉयल्टी दिली तर ६,०००. झाले ७८,०००. म्हणजे एकही प्रत कुणाला भेट दिली नाही आणि शेवटची प्रतसुद्धा विकली गेली, तरी तू ७,००० ने खाली. वर वर्षभराचं व्याज ५,६००. दुकानात ठेवायला दिल्यास, तर ४० टक्के कमिशन जाऊन प्रतीमागे १८० हाती येतील, ३०० प्रतींचे ५४,०००. नशिबाने साथ दिली तरी ज्यात तोटाच ठरलेला आहे, त्याला मी जोखीम म्हणत नाही. ती खरेदी आहे. ८५,००० ला तू आपल्या नावाचं मुखपृष्ठ विकत घेतो आहेस.

प्रकाशकाची कमाई तुझ्याकडून पैसे घेतानाच झालेली असते, मग पुस्तक खपवण्याची त्याला कसली घाई? तुमच्याकडे बागायतदार दलालाला आंबा देतो तेव्हा दलालाचे पैसे माल विकल्यावरच सुटतात. पेटी ठेवून घ्यायचे पैसे कुणी आधी मोजत नाही.

आणि त्या ३०० प्रती राहणार कुठे? सात-आठ खोकी तरी होतील. पडवीत ठेवलीस तर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी, माळ्यावर टाकलीस तर वाळवी. कोकणात राहून पुस्तकं जपणाऱ्या माणसाला हे मी सांगायला नको.

करारातली दोन कलमं तू लिहून पाठवलीस ते फार बरं केलंस. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी म्हणून ४,००० वेगळे दाखवलेत. हा क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था देते आणि तो फुकट असतो. दुसरं कलम "सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे". पैसे तुझे, कष्ट तुझे आणि हक्क त्याचे? कॉपीराइट कायद्याने लेखनावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. हक्क देताना मुदत लिहिलीच नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. पण इथे "कायमस्वरूपी" असं छापलेलं आहे, म्हणजे ही पळवाटही बंद. कादंबरीवर उद्या मालिका निघाली तरी तुला विचारायचं बंधन त्यांच्यावर राहणार नाही. फुकट छापतो म्हणाले तरी या कलमाखाली सही करू नकोस.

आता तुझ्या घराच्या हिशोबाकडे येतो. १६,५०० येतात, १३,००० जातात, १,२०० ची पुस्तकं, उरले २,३००. दोन वर्षांचे ५५,२००. दोन हंगामांचे ३०,०००. म्हणजे ८५,००० च्या आसपास जमायला हवे होते, अगदी प्रकाशकाच्या मागणीएवढे! आहेत ४८,०००. उरलेले कुणी चोरले नाहीत. आईचा दवाखाना असेल, कौलं शाकारणी, गणपती, काम नसलेले दिवस. म्हणजे तुमचा खरा घरखर्च १३,००० नाही, साडेचौदा हजार आहे. एकाच्या पगारावर आणि एकीच्या रोजंदारीवर चालणाऱ्या घरात निदान तीन महिन्यांचा खर्च हाताशी हवा. तो झाला ४३,५००. मोकळे उरतात ४,५००. तुझ्या साहित्याचं आजचं बजेट तेवढं आहे, आणि ते खर्च करायला माझी काही हरकत नाही.

शिवाय ही रक्कम पतसंस्थेत आहे. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो, तो पतसंस्थेला लागू नाही. तुझी पतसंस्था चांगली असेलही, पण अडीअडचणीचा पैसा तिथे नको. पोस्टाच्या बचत खात्यावर ४ टक्के मिळतात, थोडे कमी वाटले तरी चालतील. त्याच फेरीत आईचा आणि तुझा, दोघांचाही पंतप्रधान योजनांमधला जीवनज्योती (आयुर्विमा) आणि सुरक्षा (अपघात) विमा काढ, माणशी वर्षाला ४३६ आणि २० रुपये. पहिल्यासाठी वय पन्नासच्या आत लागतं, आईचं वय पत्रात नाही.

बहिणीच्या प्रवेशाचा विचार पत्रात एका ओळीत उरकला आहेस. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश मिळाला, तर मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य सरकारने माफ केलं आहे. पण हॉस्टेल, मेस, पुस्तकं, एसटी हे सगळं तुमच्याच खिशातून जाणार. या हंगामाचे १५,००० त्यासाठी आत्ताच बाजूला काढल्याचं समज. उत्पन्नाचा दाखला मात्र आधीच काढून ठेव. जुलैत तहसीलला काय रांग लागते, हे तुझ्या दुकानात बसून तूच रोज पाहतोस.

पुण्याच्या १४,००० मधून कॉट बेसिसवर जागा, मेस, बस आणि फोन धरून ११,००० तरी जातील. घरी पाठवशील ३,०००. आईचे मिळून साडेआठ हजार, आणि तू नसताना घराला लागतील साडेअकरा. दर महिन्याला ३,००० ची खोट, म्हणजे ४८,००० सोळा महिन्यांत संपले. आंब्याचा हंगाम बुडाला तो वेगळाच. तरीही छपाईपेक्षा हा पर्याय मला बरा वाटतो. इथे चूक कळली तर दुसऱ्या महिन्यात फोंडा घाटाच्या एसटीत बसून परत येता येतं, आणि तोवर पुस्तकांचा धंदा आतून पाहिलेला असतो. दुकानदाराशी १७,००० चं बोलून बघ. त्याखाली जाऊ नको, आणि बहिणीचा प्रवेश पक्का होईपर्यंत तर मुळीच नाही.

कादंबरीचं काय, हाच तुझा खरा प्रश्न, हे मला कळतं. वह्यांमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये टाइप कर, संध्याकाळी दुकानाच्या संगणकावर मालक बसू देईल. मग पैसे न मागणाऱ्या चार-पाच प्रकाशकांकडे पाठव. सहा महिने उत्तर येणार नाही, कदाचित वर्षभर. या वाट पाहण्याला खर्च शून्य आहे. दरम्यान स्वतंत्र कथा म्हणून उभं राहील असं एखादं प्रकरण दिवाळी अंकांना पाठव, तेही जूनमध्येच. गणपती आले की अंकांची जुळवाजुळव बहुतेक झालेली असते. मानधन फार नसतं, पण छापण्यासाठी तू पैसे मोजत नाहीस.

आणखी एक दार आहे, ज्याचा पत्रात उल्लेखही नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान देतं. मेख "पहिल्या" या अटीत आहे. पाटल्यांच्या पैशांनी कादंबरी काढलीस, तर पुढे हा अर्ज करायला तू मोकळा राहणार नाहीस. पस्तिशीच्या आतल्या लेखकांसाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही असतो, ५०,००० रुपयांचा. त्याला अजून बारा वर्षं आहेत, आज त्यावर हिशोब मांडू नको.

महिन्याच्या १,२०० च्या पुस्तकांवर मी कात्री चालवेन असं तुला वाटलं असेल. निम्मी चालवतो. ६०० ची घे, बाकीची तालुक्याच्या वाचनालयातून आण. कोकणात वाचनालयं काही नवी नाहीत, रत्नागिरीचं तर १८२८ चं आहे. हवं ते पुस्तक नसेल तर ग्रंथपालांना मागणी लिहून दे. अनुदानित वाचनालयांना दरवर्षी ग्रंथखरेदी करायचीच असते, आणि चांगली यादी देणारा वाचक त्यांना हवाच असतो.

प्रकाशकाने सवलतीसाठी महिनाअखेरची मुदत दिली आहे ना? त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच प्रश्न विचार: गेल्या वर्षी काढलेल्या पुस्तकांपैकी किती लेखकांना रॉयल्टीचा चेक गेला, आणि त्यांपैकी दोघांचे फोन नंबर द्याल का. उत्तर आलं तर मला कळव. पिग्मी मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतील, हे मात्र उद्या कलेक्शनला येणाऱ्याला विचार. मुदत तीन-चार महिन्यांवर असेल तर थांब, आणि तोवर नवा भरणा तेवढा पोस्टात सुरू कर.