दीपनगर शेजारी, तरी आमची लाईट का जाते?

प्रश्न : भाऊ, आम्ही यावल तालुक्यातले केळीवाले. वीज बनते इथे भुसावळजवळ, आणि मे महिन्यात आमचा कूलर नुसता घरघरतो, व्होल्टेजच नसतं. रात्री डीपीचा (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज उडाला की झोपेचं खोबरं. गच्चीवर सोलर बसवलं तर सुटेल का हे? बिलाचंही सांगा.

उत्तर : बिलाचं सुटेल, झोपेचं नाही. दीपनगरच्या औष्णिक केंद्राची वीज टॉवर लाईनवरून राज्याच्या ग्रिडमध्ये जाते, तिथे ५००-५०० मेगावॅटचे दोन संच असले तरी तुमच्या गल्लीतली डीपी आहे तेवढीच, आणि एसी-कूलर मात्र घरोघरी वाढले. त्यात रात्रीही हवा तापलेली, डीपीला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

गच्चीवरचं साधं सोलर लाईट गेली की स्वतःच बंद पडतं, भर दुपारीसुद्धा, कारण खांबावर वायरमन काम करत असेल तर उलटा करंट जाऊन त्याच्या जिवावर बेतेल. (विकणारे हे सांगत नाहीत बरं का.) रात्री लाईट हवी तर बॅटरी लागते आणि तिचा खर्च वेगळा. बाकी ३ किलोवॅटला केंद्राची ७८ हजार सबसिडी आहे, महिन्याला साधारण ३०० ते ३५० युनिट निघतात, वापर तेवढा असेल तर जरूर बसवा.

आता शेतीचं. रात्री थ्रीफेज आली की ऑटो (लाईट येताच मोटर आपोआप चालू करणारा स्विच) लावलेल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, मग फ्यूज टिकेल कसा? ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा, करंट कमी लागतो, व्होल्टेज सावरतं. पण एकट्याने करून उपयोग नाही, अख्ख्या डीपीवरच्यांनी करायला हवं, हे अवघड आहे मला माहितीये.

माझ्या मते गच्चीपेक्षाही तुमचा शेतीचा फिडर (पंपांना वीज देणारी लाईन) सौर कृषी वाहिनीत, म्हणजे शेतीला दिवसा सोलरची वीज देणाऱ्या सरकारी योजनेत येणं जास्त कामाचं, कारण मग पंप दिवसा चालतात आणि संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर धुळे जिल्ह्यातल्या साक्रीचे सोलर प्रकल्प थंडावतात नि घरोघरी लोड चढतो, तेव्हा तेवढा भार तरी कमी होतो. या योजनेच्या सोलरसाठी ग्रामपंचायतीची जागा द्यायची तयारी असेल तर ठराव करून महावितरणकडे विचारा. आणि हो, एसी घेतलाय पण मंजूर लोड जुनाच आहे ना? तो आधी वाढवून घ्या, डीपी मोठी करायचा हिशोब त्यावरच होतो.