सांडा पाहायला निघालास, तर आधी हे वाच

डिसेंबरची थंडी गाठून जैसलमेरला जाऊ नकोस. थारमधला सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा, हिवाळा बिळातच काढतो, वर येतच नाही. मार्चनंतर जा, आणि पहाटे धावपळ करू नकोस. ऊन चांगलं चढू दे. तो बिळाचं तोंड आतून मातीने बुजवून झोपतो. त्यामुळे सपाट, कडक जमिनीवरचं बुजलेलं बीळ ओसाड समजून पुढे जाऊ नकोस. जरा लांब बस, हलू नकोस. आधी नुसतं डोकं दिसेल. बाहेर येतो तेव्हा रंग गडद असतो, अंग तापलं की फिकट वाळूसारखा होतो. हा बदल डोळ्यांदेखत पाहणं, मला तरी यापेक्षा मोठा आनंद नाही.

काटेरी शेपटीला घाबरू नकोस. मोठा सांडा जवळजवळ शाकाहारी. पानं, फुलं, शेंगा खातो. पिल्लं मात्र किडेही खातात. ससाणे, गरुड, वाळवंटी कोल्हा, सगळ्यांचा तो घास, म्हणून बिळापासून फार दूर चरत नाही. तू बीळ आणि त्याच्या मध्ये कधीच उभा राहू नकोस.

आणि एक कळकळीची विनंती. सांड्याचं तेल विकणारे त्याचा कणा मोडून त्याला जिवंत ठेवतात. त्या तेलात औषधी असं काही नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे. फोटो टाकताना सांड्यांच्या वसाहतीचं नेमकं ठिकाण लिहू नकोस.