पहिलं ठासणीचं (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायचं) पिस्तूल घेताना
अरे, मालवणातला भंगारवाला 'पणजोबांच्या काळातलं' म्हणाला म्हणून लगेच पैसे मोजू नकोस.

आधी आत बार ठासलेला नाही ना, ते बघ. बारीक काठी नळीत तळापर्यंत सार, तोंडाशी खूण कर, मग काठी बाहेर काढ नि खूण तोंडाशी जुळवून नळीवर बाहेरून धर. टोक नळीच्या मागच्या बाजूला, घोड्यापर्यंत (घोडा म्हणजे वरचा आपटणारा भाग, बोटाने ओढायचा चाप नव्हे) पोचलं नाही तर आत काहीतरी आहे, जाणकारालाच दाखव.

– पोलादी दिसणाऱ्या नळीला लोहचुंबक चिकटत नसेल तर ते बहुधा जस्ताचं शोपीस.
– नळीवरचे चाचणीचे शिक्के भिंगातून बघ. इटालियन शिक्क्यांत चौकटीत 'एए' (AA) ही वर्षाची खूण असेल तर १९७५ ची नक्कल.
– बार उडू शकत असेल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, नक्कल असली तरी.

पॉलिश पेपर मारू नकोस, शिक्के जातात. आपल्या खाऱ्या हवेत शिवणयंत्राचं तेल पुरतं. मी खोबरेल चोळलं होतं. पावसाळ्यानंतर घोडा हलेना!